सौंदर्य-परिचर्या

शस्त्रक्रियेविना चेहरा, त्वचा व केस यांवर होणाऱ्या उपचारांतील परिचारिकेचे काम. बोटुलिनम टॉक्सिन, फिलर, रासायनिक पील, लेझर व औषधी मुखलेप यांचा त्यात समावेश होतो. नाक-कान घडविण्याच्या शस्त्रक्रिया येथे घेतलेल्या नाहीत.

प्राचीन आधार : चरकसंहितेत (सूत्रस्थान, ९) चिकित्सेच्या चार पादांत परिचारकाला स्वतंत्र स्थान आहे. उपचारांची जाण, दक्षता, रुग्णाविषयी आपुलकी आणि शुचिता हे त्याचे गुण. प्रत्यक्ष कामाचा तपशील मात्र वाग्भटाकडे सापडतो. त्याच्या अष्टांगहृदयात (सूत्रस्थान, २२) मुखलेप तीन प्रकारचा सांगितला आहे : दोष घालवणारा, विष उतरवणारा व वर्ण उजळणारा. थराची जाडी पाव, एकतृतीयांश किंवा अर्धे अंगुळ. सहा ऋतूंचे सहा लेप वेगळे. लेप वाळू द्यायचा नाही, कारण वाळलेला लेप कांती बिघडवतो. तो ओला करून काढावा आणि नंतर तेल लावावे. लेप असताना दिवसा झोपणे, फार बोलणे, विस्तव, ऊन, शोक व राग वर्ज्य. पडसे, अजीर्ण, अरुची, हनुग्रह (जबडा आखडणे), जागरण असल्यास किंवा नस्य (नाकातून औषध) घेतले असल्यास लेप लावू नये. फेशियलच्या खुर्चीत बसण्यापूर्वी अपचनाची चौकशी आज कोणी करत नाही. पण गिऱ्हाइकाला आधी रुग्ण मानून तपासण्याची शिस्त या यादीत पुरेपूर आहे.

व्यंगावर, म्हणजे वांगावर, सुश्रुताने शिरावेध, म्हणजे शीर वेधून रक्त काढणे, सांगितला. त्याच्या संहितेत जळवांचा अध्याय (सूत्रस्थान, १३) वेगळा आहे. त्यात बारा प्रकारच्या जळवा असून सहा विषारी, सहा निर्विष. राजे, श्रीमंत, बालके, वृद्ध, भित्रे, दुर्बल, स्त्रिया व नाजूक प्रकृतीचे लोक यांच्यासाठी रक्त काढण्याचा हा सर्वांत सौम्य उपाय मानला आहे. जळू सुटल्यावर तिला ओकवून रक्त काढून टाकायचे आणि, वाग्भटाच्या मते, सात दिवस पुन्हा लावायची नाही, असा दंडक आहे. रक्तातून पसरणारे संसर्ग ठाऊक झाल्यामुळे आज एका रुग्णाची जळू दुसऱ्याला लावणे सर्वथा अयोग्य ठरते.

आमेर मार्ग : या प्राचीन परंपरेतील परिचर्या आजही शिकवली जाते. जयपूरहून आमेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जोरावरसिंह दरवाजाजवळ, राष्ट्रीय आयुर्वेद संस्थान आहे. स्थापना १९७६, अभिमत विद्यापीठाचा दर्जा २०२० मध्ये. वैद्यांच्या अभ्यासक्रमांबरोबर येथे आयुष परिचर्या व औषधनिर्मितीची पदविकाही शिकवली जाते. राजस्थानात आयुर्वेद परिचारकांसाठी स्वतंत्र परिषद आहे. लेप, वाफ, जळू ही कामे त्यांच्या परंपरेत बसतात. टॉक्सिनची सुई बसते काय, यावर एकमत नाही.

कायदेशीर स्थिती : भारतीय परिचर्या परिषदेच्या पदविकोत्तर विशेष अभ्यासक्रमांत भाजलेल्या रुग्णांची व पुनर्रचना शस्त्रक्रियेची परिचर्या आहे, सौंदर्य-परिचर्या नाही. परिणामी काम चालू आहे, पण त्याची वेगळी नोंदवही नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सौंदर्योपचार व केशरोपण यांविषयी मार्गदर्शन काढले. कार्यशाळेत पाहून किंवा यूट्यूबवर बघून आलेले ज्ञान पुरेसे नाही, असे त्यात बजावले आहे. जबाबदारी डॉक्टरची, परिचारिका साहाय्यक.

प्रत्यक्ष काम : बोटुलिनम टॉक्सिन प्रथम डोळ्यांच्या विकारांसाठी आले (अमेरिकेत मान्यता १९८९), भुवयांमधल्या आठ्यांसाठीची मान्यता २००२ ची. कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची. आठ्यांसाठी रूढ मात्रा पाच ठिकाणी मिळून २० युनिट. परिणाम काही दिवसांत दिसतो, तीन-चार महिने टिकतो. वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटे परस्परांना समान धरता येत नाहीत. फिलरचा खरा धोका रक्तवाहिनी बंद होण्याचा. त्वचा पांढरी पडली, असह्य दुखले किंवा नजर अंधुक झाली, तर टोचणे तिथेच थांबवून डॉक्टरला बोलवायचे. हायलुरॉनिक आम्लाचा फिलर विरघळवणारे हायलुरोनिडेज हाताशी हवे. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर लेझर वा पील जोरात झाले की उरलेला काळा डाग मूळ वांगापेक्षा गडद होऊ शकतो, म्हणून आधीचे छायाचित्र व उन्हाची विचारपूस महत्त्वाची. वापरलेल्या सुया २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात.

परदेश : ब्रिटनमध्ये औषध लिहून देण्याचा अधिकार मिळवलेल्या परिचारिका हे उपचार स्वतः करतात. सरकारने नेमलेल्या ब्रूस कीओ समितीने २०१३ मध्ये फिलरवरील नियंत्रणाच्या अभावावर बोट ठेवले. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील व्यक्तींना सौंदर्यासाठी टॉक्सिन वा फिलर देणे गुन्हा आहे.

महाराष्ट्र : राजस्थानने स्वीकारलेला, दवाखान्यांच्या नोंदणीचा २०१० चा केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायदा येथे लागू नाही आणि १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याबाहेर खाटा नसलेले दवाखाने बहुधा राहतात.