रिकाम्या सॉकेटांचं यंत्र

१९८६ सालची ऑक्टोबरमधली संध्याकाळ. तुम्ही लेस्टरमधल्या एका मराठी डॉक्टरांच्या घरी जेवणाच्या टेबलापाशी उभे आहात. टेबलावर वर्तमानपत्रं पसरली आहेत आणि त्यांवर बीबीसी मायक्रो संगणक पालथा घातला आहे. घरातला मुलगा तुमच्या हातात स्क्रूड्रायव्हर देतो. ‘‘काका, आधी रेडिएटरच्या पाइपला हात लावा. अंगातली स्टॅटिक उतरू दे, नाहीतर चिप जाईल.’’

तुम्ही हात लावता. मग ‘फिक्स’ अशी खूण असलेले चार स्क्रू काढायचे, यंत्र सुलटं करायचं, वरचं झाकण उचलायचं. लाल फंक्शन-कींचा कीबोर्ड थोडा पुढे सरकवलात की खालचा बोर्ड उघडा पडतो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने हे यंत्र १९८१च्या डिसेंबरात बाजारात आणलं, तेव्हाच या बोर्डावर पुढच्या चिपांसाठी जागा राखून ठेवल्या होत्या: डिस्कसाठी, एकोनेट जाळ्यासाठी, बोलणाऱ्या चिपसाठी. घेणारा एक दिवस झाकण उघडेल हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. माझ्या मते या यंत्राचा सर्वांत मोठा गुण तोच. १९८४पासून भारतातल्या शाळांमध्ये ‘क्लास’ प्रकल्पातून जे संगणक आले, तेही हेच बीबीसी मायक्रो.

समोर चाळीस पायांची लांबट चिप दिसते. ती इंटेलची ८२७१, डिस्क कंट्रोलर. ती बसण्याआधी या घरात कॅसेट होती: वीस किलोबाइटचा प्रोग्रॅम चढायला जवळपास तीन मिनिटं, आणि टेप थोडी ताणली गेली की मागे गुंडाळून पुन्हा. डिस्कने ती वाट बघणं संपवलं. पण ८२७१ला फक्त सिंगल डेन्सिटी येते. ऐंशी ट्रॅक, प्रत्येकावर दहा सेक्टर, सेक्टरमध्ये २५६ बाइट. म्हणजे डिस्कच्या एका बाजूवर २०० किलोबाइट. फायलींची नावं सात अक्षरांची आणि एका बाजूवर जास्तीत जास्त एकतीस फायली. शिवाय ही चिप आता महाग झाली आहे आणि सहज मिळतही नाही.

मुलाने पोस्टाने मागवलेल्या छोट्या पाटीवर वेस्टर्न डिजिटलची १७७० आहे, अठ्ठावीसच पायांची. डिस्कवरून येणाऱ्या स्पंदांतून घड्याळ आणि मजकूर वेगळा करणारं सर्किट ८२७१ला बाहेरून लागायचं. १७७०च्या पोटातच ते आहे. जुनी चिप एका टोकाने जरा, मग दुसऱ्या टोकाने जरा, अशी हळूहळू उचला. पाय वाकता कामा नयेत. त्याच सॉकेटात नवी पाटी बसवा आणि डिस्कवरच्या फायली सांभाळणाऱ्या डीएफएस प्रणालीची जुनी रॉम काढून नव्या लावा.

१७७०ला डबल डेन्सिटीही येते, पण तिचा खरा ताण येतो तो प्रोसेसरवर. डिस्क सेकंदाला पाच फेरे घेते आणि दर ३२ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येऊन ठेपतो. ६५०२ दोन मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे बाइट उचलून मेमरीत ठेवायला त्याच्याकडे घड्याळाचे चौसष्ट ठोके असतात. जुन्या चिपबरोबर याच्या दुप्पट सवड होती. हातातलं काम टाकून उठायचं, बाइट ठेवायचा आणि परत जागेवर यायचं, हे हजारो वेळा सलग. एवढ्या तुटपुंज्या सवडीत हे बसवणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

किंमत मात्र मेमरीत मोजावी लागते. साध्या डीएफएसनेच ३२ किलोबाइटमधले २८१६ बाइट घेतले होते. वीस किलोबाइटचा ग्राफिक्स मोड लावला की प्रोग्रॅमला उरायचे ५८८८ बाइट. डबल डेन्सिटीची नवी प्रणाली, एडीएफएस, त्याहून जास्त मागते.

आता बटण दाबा. आधी जाड सूर, मग बारीक सूर. ‘ए’ दाबून ठेवा आणि ब्रेक मारा. एडीएफएस जागी होते. नवी डिस्क फॉरमॅट करताना ड्राइव्हचं डोकं ट्रॅकमागून ट्रॅक टकटक सरकतं. आता प्रत्येक ट्रॅकवर सोळा सेक्टर, दोन्ही बाजू मिळून ६४० किलोबाइट, दहा अक्षरांची नावं आणि डिरेक्टरीच्या आत डिरेक्टरी. मुलगा शाळेतले निबंध एका डिरेक्टरीत आणि खेळ दुसऱ्या डिरेक्टरीत ठेवायला लागतो.

मग तो एक विकत घेतलेला खेळ घालतो आणि यंत्र अडतं. नक्कल होऊ नये म्हणून काही कंपन्यांनी थेट ८२७१च्या खोडी वापरून सेक्टर लिहिले होते. ते वाचायला तीच चिप हवी. ‘‘जुनी फेकू नका हं, काका,’’ मुलगा म्हणतो, आणि तिचे पाय काळ्या फोममध्ये टोचून ठेवतो.

चाळीस वर्षं पुढे या, ब्लेचली पार्कला. तिथल्या राष्ट्रीय संगणन संग्रहालयात बीबीसी मायक्रोंचा अख्खा वर्ग चालू आहे. आता दुखणं चिपचं कमी आणि ड्राइव्हचं जास्त: पट्टे सैल होतात, वंगण वाळतं, डिस्कवरचा लेप सुटतो. म्हणून पुष्कळजण यंत्राच्या पोटाखाली ड्राइव्ह जोडायच्या चौतीस पिनांच्या कनेक्टरलाच गोटेक लावतात. हा फ्लॉपी ड्राइव्हचं सोंग घेणारा छोटा डबा, आणि त्यात खोचलेल्या यूएसबी स्टिकवर शेकडो डिस्क मावतात. कंट्रोलरला फरक कळत नाही. तो पूर्वीसारखाच डोकं पुढच्या ट्रॅकवर न्यायला सांगतो आणि गोटेक त्या ट्रॅकचे बाइट ठरल्या वेगाने पाठवत राहतो. त्यासाठी बोर्डावरची एकही तार कापावी लागत नाही.