वसईचा दुसरा इतिहास

वसई म्हटले की १७३९ आणि चिमाजी अप्पा आठवतात. मी लिहितो आहे ते मुंबईजवळच्या समुद्रातल्या, १९७६ साली सापडलेल्या वायुक्षेत्राविषयी. त्याचे दप्तरी नाव अजून बसीनच! इथला वायू इओसीन काळातल्या, चार कोटी वर्षांच्या आसपासच्या चुनखडीत आहे. विहिरीत सोडलेले उपकरण खडकातले गॅमा किरण मोजते. शेलमध्ये आकडा चढतो, चुनखडीत उतरतो. पण स्वच्छ वालुकाश्मातही तो उतरतोच. म्हणून नुसत्या आलेखावर विसंबून इतिहास लिहू नये, असे मला वाटते. साक्ष हवी वर काढलेल्या दगडाची. त्यात नाण्यांसारखे न्युम्युलाइट दिसतात. ते उबदार, उथळ, उन्हाच्या पाण्यातले जीव. पुढे समुद्र हटला, चुनखडी उघडी पडली, पावसाने तिला छिद्रे पाडली. वायूला जागा मिळाली ती तिथे.