आठ वर्षं आणि एक पत्र

ऑफिसात जेवताना युक्रेनचा विषय निघाला की आमच्या टीममधलं कोणीतरी हमखास म्हणतं, "पुतिन गेला की संपेल हे युद्ध." मीही तेच म्हणायचो. मग सद्दाम हुसेनच्या इराणवरच्या युद्धाबद्दल वाचत गेलो, आणि आता ते वाक्य तोंडातून निघत नाही.

टायग्रिस आणि युफ्रेटिस एकत्र येऊन जी नदी पर्शियन आखाताला मिळते, ती शत्त-अल-अरब. १९७५ च्या अल्जिअर्स करारात या नदीतली सीमा प्रवाहाच्या मध्यावरून ठरली. इराकच्या वतीनं करार करणारा होता खुद्द सद्दाम, तेव्हाचा उपाध्यक्ष. १९७९ च्या क्रांतीनंतर इराण विस्कळीत झाला. अध्यक्ष झालेल्या सद्दामला संधी दिसली. १७ सप्टेंबर १९८० रोजी त्यानं करार रद्द केल्याचं जाहीर केलं आणि २२ तारखेला हल्ला केला. काही आठवड्यांत सगळं आटोपेल, असा हिशोब होता.

तो चुकला. खुर्रमशहर इराकनं घेतलं खरं, पण मे १९८२ मध्ये इराणनं ते परत मिळवलं. जूनमध्ये सद्दाम माघारीला आणि युद्धबंदीला तयार झाला. युद्ध इथे थांबू शकलं असतं. पण खोमेनींना आता सद्दामच सत्तेवरून जायला हवा होता. जुलैत इराणी सैन्य इराकमध्ये घुसलं. 'तो गेला की संपेल' या अटीवर युद्ध आणखी सहा वर्षं चाललं.

१९८८ पर्यंत इराण थकला होता. इराककडून रासायनिक अस्त्रांचा मारा होत होता, तेहरानवर क्षेपणास्त्रं पडत होती. ३ जुलैला अमेरिकी युद्धनौकेनं इराणचं प्रवासी विमान पाडलं. २९० जण गेले, त्यात दहा भारतीय होते. त्याच महिन्यात खोमेनींनी संयुक्त राष्ट्रांचा ५९८ क्रमांकाचा ठराव मान्य केला. हे आपल्यासाठी विष पिण्यासारखं आहे, असं ते म्हणाले. २० ऑगस्टला तोफा थांबल्या. दोन्हीकडची मिळून लाखो माणसं मेली होती.

सद्दाम मात्र खुर्चीवरच होता. १९८९ मध्ये त्यानं बगदादमध्ये तलवारींची विजय-कमान उभारली. २ ऑगस्ट १९९० रोजी तो कुवेतमध्ये घुसला. आता इराणच्या सीमेवरचं सैन्य मोकळं हवं होतं. दोन आठवड्यांच्या आत त्यानं इराणचे अध्यक्ष रफसंजानी यांना पत्र लिहिलं: १९७५ चा करार मान्य.

म्हणजे ज्या रेषेसाठी आठ वर्षं घालवली, ती होती तिथेच परत आली. आमच्या कामात चुकीचा बदल झाला की रोलबॅक करतात. इथे फक्त रेषेचा रोलबॅक झाला, माणसांचा नाही.

घरात मुलगा गमावलेल्या एखाद्या इराकी बापाला 'मग हे कशासाठी?' असं सद्दामला विचारण्याची सोय नव्हती. हुकूमशहाला हरूनही विजय जाहीर करता येतो, म्हणून त्याचं युद्ध तो सत्तेवर असतानाही थांबू शकतं. पण जाब विचारणारं कोणी नसतं, म्हणूनच पुढचं युद्धही त्याला लगेच सुरू करता येतं. सद्दामला त्यासाठी दोन वर्षंही लागली नाहीत.

युक्रेनमध्ये युद्धबंदी होईल त्या दिवशी मी पुतिनचं काय झालं हे बघेनच. पण त्याआधी हे बघेन, की रशियात त्याला हिशोब विचारू शकणारं कोणी उरलंय का.