जाळ्यावरील यंत्रांची नोंदवही

जाळ्याला जोडलेले यंत्र कोठे आहे आणि ते कोणती सेवा देते, हे इतरांना कसे कळावे, हा प्रश्न तापमान किंवा वीजवापर मोजणारी संवेदक उपकरणे इंटरनेटवर येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. अमेरिकेतील आर्पानेटवर 1970च्या दशकात त्याचे उत्तर एका साध्या फाइलीत असे : कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालील केंद्रात प्रत्येक संगणकाचे नाव व पत्ता हाताने नोंदवला जाई. ती यादी आवरेनाशी झाली, तेव्हा 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नोंदींचा भार अनेक संगणकांवर वाटणारी डीएनएस ही व्यवस्था मांडली; मात्र अमुक खोलीतले तापमान कोण मोजते, असे विचारणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नव्हता.

लहान जाळ्यात हे काम मल्टिकास्टने, म्हणजे गटातील सर्व यंत्रांना एकदमच दवंडी देऊन, भागते. पण बॅटरीवर चालणारा संवेदक वीज वाचवण्यासाठी बहुतेक वेळ निद्रिस्त असतो आणि हाक त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

सगळे पत्ते एकेक करून तपासणे हा तिसरा मार्ग. जॉन मॅथर्ली यांच्या शोडान या शोधयंत्राने 2009 पासून तो सर्वांना खुला केला, आणि 2013 मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांच्या झेडमॅपने आयपीव्ही4 या जुन्या पत्तापद्धतीतील सार्वजनिक पत्ते एका संगणकावरून 45 मिनिटांच्या आत पालथे घातले. हा पराक्रम खराच, परंतु त्यातून मालकांनी निष्काळजीपणे उघडी टाकलेली यंत्रेच अधिक सापडली. शिवाय आयपीव्ही6 या नव्या पद्धतीत एकाच उपजाळ्यात 2 चा 64 वा घात इतके पत्ते मावत असल्याने त्याच वेगाने ते तपासायला सुमारे 4 लाख वर्षे लागतील.

त्यामुळे इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने पुन्हा नोंदवहीकडेच वळणे पसंत केले, आणि ते योग्यच होते. 2012 च्या मानकानुसार उपकरण आपल्या सेवांची यादी ठरलेल्या पत्त्यावर ठेवते. 2022 च्या मानकानुसार ते जागे असताना ती यादी एका निर्देशिकेत नोंदवून पुन्हा झोपी जाऊ शकते. वेगळी मुदत सांगितली नसेल तर नोंद 90,000 सेकंद, म्हणजे 25 तास, ग्राह्य धरली जाते आणि नूतनीकरण न झाल्यास ती बाद होते. दुसऱ्याच्या नावाने खोटी नोंद करणाऱ्याला रोखण्यासाठी, जे नाव ज्याने प्रथम नोंदवले ते त्याच्याकडेच राखावे, असा एक पर्यायही त्या मानकात सुचवला आहे.