आर्पानेट

आर्पानेट : आंतरजालाचे पूर्वरूप असलेले संगणकजाळे. दूरदूरच्या विद्यापीठांतील, परस्परांहून भिन्न घडणीचे संगणक एकमेकांस जोडावेत, या हेतूने अमेरिकी संरक्षण खात्याच्या अखत्यारीतील ‘आर्पा’ या संस्थेने ते उभारले. संदेशाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा मोकळी सापडेल त्या वाटेने रवाना करावा आणि मुक्कामी ते पुन्हा सांधावेत, ही जी कल्पना अमेरिकेत पॉल बॅरन व इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे सुचली, तीच या जाळ्याचा प्राण होय. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस अँजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे ‘लॉगिन’ हा शब्द धाडला जात असता ‘एल’ व ‘ओ’ ही दोनच अक्षरे पोचली आणि यंत्रणा कोसळली. मानवी संपर्काच्या इतिहासातील इतका नम्र आरंभ विरळाच. वर्षअखेर केंद्रे चार झाली. व्हिंट सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये जिचा आराखडा मांडला, ती भिन्न जाळ्यांनाही परस्परांशी बोलते करणारी नियमसंहिता १ जानेवारी १९८३ पासून येथे अमलात आली, आणि माझ्या मते आंतरजालाचा खरा जन्म तोच. आर्पानेट १९९० मध्ये बरखास्त झाले. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आंतरजाल सर्वसामान्यांस खुले केले.