ओल्या भूमीचे शब्द आणि पवित्र शास्त्र

ओल्या, मऊ भूमीसाठी इंग्रजीत अनेक शब्द आहेत. 'फेन' व 'मार्श' हे प्राचीन इंग्रजीतील. 'मायर' नॉर्स लोकांच्या भाषेतून आला. 'बॉग' गेलिक भाषेतून आला. 'स्वॉम्प' सतराव्या शतकात अमेरिकेतील इंग्रज वसाहतींच्या वर्णनांतून पुढे आला. म्हणून १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात 'स्वॉम्प' आढळत नाही.

त्या भाषांतरकारांपुढे 'बित्साह' हा हिब्रू शब्द तीनदा आला. ईयोब ८:११ येथे त्यांनी 'मायर' लिहिले, ईयोब ४०:२१ येथे 'फेन', तर यहेज्केल ४७:११ येथे 'मायर'पासून साधलेले विशेषण योजिले. मूळ शब्द एकच असता वाचकाला मात्र तीन निरनिराळ्या भूमी दिसतात.

मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. इंग्रजीवरून संदेश तयार करणाऱ्यांस असे कोश उपकारक आहेत. परंतु ऐकणाऱ्यांची जमीन कोशात सापडत नाही.

जाम नदीच्या काठी, पांढुर्ण्यासमोर वसलेल्या सावरगावचेच उदाहरण घेऊ. पांढुर्णा-सौंसरच्या या टापूतील काळी माती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तेथील शेतकऱ्यास चिखल म्हणजे शाप नव्हे. पाऊस उघडल्यावर तो वाफशाची वाट पाहतो. 'चिखल' हा एकच शब्द सर्वत्र वापरल्यास स्तोत्र ४० मधील मनुष्याचे संकट त्याला रोजच्या अडचणीएवढेच वाटेल. तेथे पाय धरून खाली ओढणारी 'दलदल' सांगितली पाहिजे. यिर्मया ३८:६ मधील विहिरीत पाणी नव्हते, तळाशी 'गाळ' होता. विहीर उपसणाऱ्यास हा शब्द तत्काळ समजतो, आणि दोर व चिंध्या घेऊन आलेल्या एबद-मलेखाच्या दयेचे मोलही समजते. ईयोब ८:११ मध्ये मात्र लव्हाळा वाढविणारी 'पाणथळ' आहे. ती जीवन देते. यहेज्केलाच्या दर्शनात नदी समुद्राचे पाणी गोडे करते, तरी काठच्या पाणथळी मिठासाठी राखल्या जातात.

आम्हास वाटते, उपदेशक बंधूंनी इंग्रजी प्रतिशब्दाआधी तीन प्रश्न विचारावेत: येथे मनुष्य बुडतो काय? येथे काही उगवते काय? येथे मीठ उरते काय? उत्तर मिळाल्यावर योग्य शब्द पुष्कळदा गावातच सापडतो. ज्या शब्दाने श्रोत्यास आपल्या पायाखालची भूमी आठवते, त्याच शब्दाने त्यास वर काढणारा हातही ओळखता येतो.