मूकनायक ते व्हॉट्सअॅप : आवाज मिळाला, संवादाचे काय?

सोशल मीडियाने बहुजनांना आवाज दिला, असे आपण सभांमधून सर्रास म्हणतो. हे अर्धसत्य आहे. आवाज आपण त्याच्या कितीतरी आधी कमावला होता, आणि तो फुकटच्या डेटावर मिळाला नव्हता.

१९०८ साली शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' काढले. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपये दिले. 'केसरी'ने मात्र पैसे मोजायची तयारी असूनही त्याची जाहिरात छापली नाही. म्हणजे प्रश्न छापखान्याचा नव्हता, छापखाना कोणाच्या हाती आहे याचा होता. पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता', १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. पैशांची चणचण कायम, पण छापलेल्या प्रत्येक शब्दाला जबाबदार माणूस होता.

समाज बहुसंख्येने निरक्षर होता. तरी पत्र पोचायचे, कारण वाचता येणारा एखादा मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. जिथे कागद पोचला नाही तिथे भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे पोचले. श्रोता समोर बसलेला असे. त्याला पटले नाही तर ते चेहऱ्यावर दिसे. याला संवाद म्हणतात.

आता तंत्रज्ञानाची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या माध्यमांना त्याची नीट दखल घ्यायला कित्येक आठवडे लागले. कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन अहवालांनी, ईमेल आणि ब्लॉगांनी ती बातमी जिवंत ठेवली. जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुलाचे शेवटचे पत्र कोणत्याही संपादकाच्या परवानगीवाचून घराघरांत गेले. ज्यांच्या जाहिरातीलाही एकेकाळी जागा नव्हती, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

पण १ जुलै २०१८ चे राईनपाडा आठवा. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश व्हॉट्सअॅपवर फिरत होते. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मारणारा जमाव आदिवासी पाड्यावरचा, मरणारे भटके. दोघेही याच व्यवस्थेच्या तळाशी. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. पण भटक्यांना जन्मतः चोर मानणारी नजर कोणत्या मर्यादेने जाणार? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ती नजर सरकारी शिक्क्याने पक्की केली. कायदा १९५२ मध्ये गेला, नजर राहिली. मोबाइलने तिला फक्त वेग दिला.

म्हणून दोष एकट्या मोबाइलचा नाही, आणि मुक्तीचे श्रेयही त्याचे नाही. 'मूकनायक'ला संपादक होता, फॉरवर्डला कोणीच नसतो. पाठवणारा म्हणतो, मला आले म्हणून मी पाठवले. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावर विश्वास ठेवू नका, हे तथागतांनी कालामांना अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले. आपल्या वस्तीतल्या ग्रुपवर हा एक नियम तरी पाळू या : ज्याची जबाबदारी घेता येत नाही, ते पुढे पाठवायचे नाही. आणि आठवड्यातून एकदा विहारात समोरासमोर बसून बोलायचे. जयभीम!